रेलवरून २७० : गिरकी होते, उतरणं जमत नाही

निळा_उतार (धागाकर्ता)

बरेच महिने इथे नुसताच वाचत आलो, धागा पहिल्यांदाच काढतोय. प्रश्न एकच आहे, पण त्यानं माझा जवळजवळ अख्खा सीझन खाल्लाय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

स्की घेऊन पार्कात (बर्फावर रेल, बॉक्स आणि जंप मांडलेला भाग) जायला लागून हा माझा तिसरा हिवाळा. बॉक्सवर (रुंद, सपाट फळी) आणि रेलवर (अरुंद दांडा) आडवं घसरणं दोन्ही बाजूंनी जमतं. शेवटी ९० अंश फिरून सरळ उतरणं जमतं, ९० फिरून स्विच, म्हणजे उताराकडे पाठ करून, उतरणंही जमतं. छोट्या जंपवर ३६० दहात आठ वेळा नीट बसते. त्यामुळे मला वाटलं होतं की रेलवरून २७० म्हणजे या सगळ्याच्या मधलाच एक टप्पा असणार. तसं अजिबात नाहीये.

रेल सपाट आहे, साधारण सहा मीटर लांब, शेवटाला बर्फापासून अर्धा मीटर उंच. मी डावीकडे ९० वळून चढतो, म्हणजे उजवा पाय उताराच्या बाजूला. शेवटी त्याच दिशेनं, डावीकडेच, २७० फिरून सरळ उतरायचं आहे. होतं असं की दहातल्या सात वेळा गिरकी २०० अंशांच्या आसपास मरते. त्या क्षणी स्की उताराला जवळजवळ आडव्याच असतात, खालची एज (स्कीची धारदार कड) बर्फात रुतते आणि मी डाव्या खांद्यावर आपटतो. उरलेल्या तीन वेळा फिरणं पुरं होतं, पण वजन इतकं मागे गेलेलं असतं की उतरल्यावर बसतोच. परवा तर डाव्या स्कीचं पुढचं टोक रेलच्या शेवटाला अडकलं, बाइंडिंग (बूट स्कीवर धरून ठेवणारी पकड) सुटलं आणि कंबर चांगलीच सुजली.

जोर कमी पडतोय असं समजून मी खांदे अजून जोरात फेकून पाहिले. त्यानं पडणंच जोरात झालं. कुणी हे शिकलं असेल, शिकवलं असेल, तर कृपया सांगा. माझं नेमकं काय चुकतंय?

पाऊलखुणा

तंतोतंत माझंच दुखणं. फक्त मी उजव्या खांद्यावर पडते. धाग्यावर लक्ष ठेवून आहे.

तिरपा_वारा

दोन गोष्टी सांगा. रेलवर असताना नजर कुठे असते? आणि वेग किती ठेवता? "साधारण" असं उत्तर नको. रेल पार केल्यावर तुम्ही किती लांब जाऊन पडता ते सांगितलं तरी अंदाज येईल.

निळा_उतार

नजर रेलच्या शेवटावर. सुरुवातीला सगळ्यांनी तेच शिकवलं होतं, आणि मी ते कसोशीनं पाळतो, अगदी पाय शेवटाला पोचेपर्यंत. वेग कमीच ठेवतो. भीती वाटते म्हणून, खरं सांगायचं तर. रेलच्या पुढे फार तर दीड मीटरवर पडतो.

गिरकी

निळा_उतार, तुझ्या या तीन ओळींत तुझ्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर आहे. मी गेली काही वर्षं पार्कात मुलांना शिकवते, आणि हा प्रसंग दर हिवाळ्यात डझनभर वेळा तरी बघते. तुझ्या गिरकीत जोर कमी नाहीये. तुझी मान अडली आहे.

रेलवर तू कसा उभा आहेस ते डोळ्यांसमोर आण. छाती डावीकडे, उजवा खांदा उताराकडे. रेलचा शेवट बघायचा म्हणजे मान उजव्या खांद्यावरून वळलेली. आता याच्या बरोब्बर उलट दिशेला, डावीकडे, फिरायचं आहे. म्हणजे मानेला उजव्या खांद्यावरून निघून डाव्या खांद्याच्या पलीकडे पोचायचं आहे. धड हलायच्याही आधी मानेचाच अर्ध्या वर्तुळाचा प्रवास झाला. जंपवरच्या ३६० मध्ये हा प्रवास नसतो. तिथे नजर समोर असते आणि मान फक्त एका खांद्यापर्यंत वळते. म्हणून तुझी ३६० बसते आणि त्याहून कमी फिरण्याची २७० बसत नाही.

आता तू काय करतोस? पाय शेवटाला पोचेपर्यंत, आणि माझा अंदाज आहे की त्यानंतरही क्षणभर, नजर तिथेच खिळलेली राहते. खांदे तू फेकतोस, पण मान उजवीकडेच. मान अशी मागे राहिली की ती लगामासारखी काम करते. खांदे थोडे जातात, थबकतात, आणि कमरेखालचा भाग उधारीवर अजून थोडा फिरतो. तेच तुझे २००.

तर नजर सोडायची वेळ बदल. शेवट बघत राहणं बरोबर आहे, पण पुढचा बूट शेवटापासून हातभर लांब असताना तुला जे बघायचं ते बघून झालेलं असलं पाहिजे. तिथे नजर सोड, हनुवटी डाव्या खांद्यावर ने आणि तिथेच राहू दे. मधे उताराच्या वरचं काहीतरी दिसेल, झाडं, लिफ्ट, मागे उभे असलेले लोक. त्यांच्याकडे बघायचं नाही, त्यांच्यावरून नजर सरकू द्यायची. शरीर १५०-१८० अंश फिरेपर्यंत डाव्या खांद्यावरून उतरायची जागा दिसायला लागते. ती दिसली की तिला धर. तिथून पुढचे ९० आपोआप येतात, कारण डोळ्यांनी पकडलेल्या जागेकडे शरीर ओढलं जातंच.

यात एक चांगली बातमीही आहे. रेलवर तुझी कंबर आडवी आणि छाती किंचित उताराकडे उघडलेली असते. म्हणजे डावीकडच्या गिरकीसाठी लागणारा पीळ अंगात आधीच भरलेला आहे. वेगळा पीळ द्यायला जाऊ नकोस. बरेच जण शेवटाच्या आधी हात मोठ्ठे उजवीकडे नेऊन मग डावीकडे फेकतात. त्या फेकण्यात वजन रेलवरून सरकतं आणि पाय निसटतात. हात छातीच्या उंचीवर, अंगाजवळ. खांदे सुटतील तेव्हा हात त्यांच्याबरोबर जातीलच.

आणि डावा खांदा पाडू नकोस. तू डाव्या खांद्यावर आपटतोस याचं एक कारण एज आहे, पण मला शंका आहे की फिरताना तो खांदा आधीच खाली गेलेला असतो. जोर लावायच्या नादात सगळ्यांचंच असं होतं. दोन्ही खांदे बर्फाला समांतर ठेवायचे. गिरकी भोवऱ्यासारखी उभी हवी, तिरकी झाली की उतरताना एक पाय आधी टेकतो आणि पुढचं सगळं बिघडतं.

व्हिडिओ असेल तर मानेकडे बघ. पाय, हात काहीही बघू नकोस, फक्त मान.

अर्धवर्तुळ

गिरकीताईंनी मान सांगितली, मी वेळ सांगतो. हिशेब करून बघितला तेव्हा माझेच डोळे उघडले होते.

रेल अर्धा मीटर उंच. उसळी न घेता नुसतं रेलवरून घरंगळलं, तर बर्फ टेकेपर्यंत ०.३२ सेकंद मिळतात. तेवढ्यात २७० अंश म्हणजे सेकंदाला जवळजवळ ८५० अंशांचा वेग. ९० अंशांना सेकंदाला २८० पुरतात, म्हणून ९० फिरून उतरणं तुम्हाला कधीच जड गेलं नाही. आता शेवटी फक्त २० सेंटिमीटर उसळी घेतली असं धरा. वर जायला ०.२० आणि ७० सेंटिमीटर खाली यायला ०.३८, मिळून ०.५८ सेकंद. गरजेचा वेग उतरून सेकंदाला ४६५ अंशांवर येतो. वीतभर उसळीनं काम जवळपास निम्मं झालं. (हा हिशेब सपाट जमिनीचा आहे. उतरायची जागा उताराची असेल तर वेळ आणखी थोडा वाढतो.)

आता अडकलेल्या टोकाबद्दल. तुम्ही डावीकडे फिरता तेव्हा स्कीची पुढची टोकं उताराच्या वरच्या दिशेला, म्हणजे नुकत्याच सोडलेल्या रेलकडे येतात. स्की १७० सेंटिमीटरची धरली तर पायापासून टोक ८५ सेंटिमीटरवर. पाय रेलच्या शेवटापासून तेवढा पुढे जाईपर्यंत टोक रेलला लागू शकतं. सेकंदाला ५ मीटर, म्हणजे ताशी १८ किलोमीटर वेग असेल तर हे अंतर ०.१७ सेकंदात संपतं. २० सेंटिमीटर उसळी घेतली असेल तर त्या क्षणी स्की रेलच्या जवळजवळ २० सेंटिमीटर वर असतात, टोक आरामात रेलवरून जातं. उसळी नसेल तर त्याच क्षणी स्की रेलच्या १४ सेंटिमीटर खाली असतात. म्हणजे टोक थेट रेलच्या शेवटावर आपटणार. आणि वेग सेकंदाला ३ मीटर असेल तर धोक्याचा काळ ०.२८ सेकंदांपर्यंत लांबतो.

तुम्ही दीड मीटरवर पडता म्हणालात, यावरून तुमचा वेग सेकंदाला ४ ते ५ मीटर निघतो. वेग फार कमी नाही. उसळी मात्र बहुधा नाहीच.

मितवा_उत्तर

हिशेब सुंदर आहे, पण मला एका गोष्टीची काळजी वाटते म्हणून लिहितो. ज्याला अजून फिरणं बसलेलं नाही त्याला "उसळी घे" सांगितलं की तो काय करतो ते मी पाहिलंय. तो गुडघ्यांनी उसळी घेत नाही, पाठ मागे टाकून घेतो. निळा_उतार उरलेल्या तीन वेळा मागे वजन जाऊन बसतात, ते याच जातीचं आहे. पाठ मागे गेली की उसळी वर जात नाही, पाय पुढे पळतात.

माझ्या मते आत्ता अर्धा मीटर उंच रेल सोडून द्यावी. रुंद, बर्फाला जवळजवळ टेकलेला बॉक्स घ्यावा आणि त्यावर एक जुना सराव करावा: ९० फिरून स्विच उतरायचं, आणि न थांबता उरलेले १८० बर्फावरच, सपाट स्कीवर सरकत फिरायचे. हवेत ९०, बर्फावर १८०. मान मात्र पूर्ण २७० चीच न्यायची. हे वीस-तीस वेळा केलं की मानेला वाट पाठ होते. मग हळूहळू हवेतला भाग वाढत जातो. एक दिवस कळतं की बर्फावर फिरायला काही उरलंच नाही.

मी असाच शिकलो. पडलो फारच कमी.

गिरकी

मितवा, सराव अगदी बरोबर आहे आणि तो मी आधी सांगायला हवा होता. फक्त एक दुरुस्ती. त्या सरावात लोक उतरल्यावर एजवर जातात आणि बर्फावरच्या फिरण्यात अडखळतात. दोन्ही स्की पूर्ण सपाट, पाय खांद्याइतके रुंद, वजन बुटाच्या मध्यावर. सकाळचा कडक बर्फ यासाठी चांगला, दुपारचा मऊ ओला बर्फ एज खेचतो.

उसळीबद्दल मात्र मी अर्धवर्तुळ यांच्या बाजूची आहे. उसळी शिकावीच लागते, पण वेगळी शिकावी. गिरकी बाजूला ठेवून, नुसतं आडवं घसरत येऊन शेवटी उसळी घ्यायची आणि ९० फिरून सरळ उतरायचं. पुढचा पाय शेवटाला पोचला की घोटे आणि गुडघे एकदम सरळ करायचे, छाती जागच्या जागी. उतरल्यावर नडग्या बुटाच्या जिभेवर दाबलेल्या असतील तर उसळी वर गेली. पोटऱ्या बुटाच्या मागच्या बाजूला टेकलेल्या असतील तर मागे गेली. बूट खोटं बोलत नाही.

संथ_पाणी

साहित्याबद्दल कुणी बोललं नाही म्हणून थोडंसं. पायाखालची एज, बुटाची लांबी आणि पुढेमागे थोडी, फाइलनं गोल करून घेतली आहे का? धारदार एज रेलवर एखाद्या खरचटलेल्या जागी अडकते, आणि उतरताना थोडी जरी आडवी टेकली तरी बर्फ पकडते. टोकांच्या एजला हात लावू नये, नाहीतर कडक बर्फावर वळताच येणार नाही. आणि एकदा गोल केलेली धार पुरती परत येत नाही, त्यामुळे हीच स्की इतर वेळी उतारावर वापरत असाल तर विचार करून करा.

बाइंडिंग कुठे बसवलंय तेही बघा. पार्कच्या स्कीवर ते मध्याजवळ असतं. डोंगरावरच्या सर्वसाधारण स्कीवर मध्याच्या बरंच मागे असतं, म्हणजे पायापुढे स्की जास्त लांब. अर्धवर्तुळ यांच्या हिशेबातले ८५ सेंटिमीटर तिथे ९५ होतात आणि टोक अडकायची शक्यता वाढते.

बाइंडिंग सुटलं म्हणून त्याचा आकडा (किती जोर आला की सुटायचं तो) वाढवू नका. टोक अडकल्यावर ते सुटलं, ते त्याचं काम होतं.

पाऊलखुणा

मला एक मूलभूत शंका आहे. माझा मित्र म्हणतो २७० उलट बाजूनं फिरलं तर सोपं जातं, कारण मान आधीच तिकडे असते. मग सगळे उलटीच का घेत नाहीत? आणि प्रेटझल म्हणतात ते हेच का?

तिरपा_वारा

हो, चढलात त्याच्या उलट दिशेनं उतरणं म्हणजे प्रेटझल. पण ती नेहमी स्विच उतरते, म्हणून लोक टाळतात.

अर्धवर्तुळ

नेहमी नाही. बेरीज-वजाबाकी करून बघा, लगेच कळतं. डावीकडचे अंश अधिक धरा, उजवीकडचे उणे. उत्तर शून्य किंवा ३६० च्या पटीत आलं तर सरळ उतरता, १८० किंवा ५४० आलं तर स्विच.

डावीकडे ९० चढून डावीकडेच २७० : ९० अधिक २७०, झाले ३६०. सरळ. निळा_उतार हेच करताहेत.
डावीकडे ९० चढून उजवीकडे २७० : ९० उणे २७०, राहिले उणे १८०. स्विच.
पण डावीकडे २७० फिरून चढलात आणि उजवीकडे २७० उतरलात तर २७० उणे २७०, शून्य. प्रेटझल आहे आणि सरळ उतरते. याउलट, २७० चढून त्याच दिशेनं २७० उतरलात तर ५४०, म्हणजे स्विच.

तिरपा_वारा

बरोबर. मी फक्त ९० नं चढण्याचा विचार करत होतो. दुरुस्तीबद्दल आभार.

गिरकी

पाऊलखुणा, मित्राचं म्हणणं अर्धं खरं आहे. उलट दिशेच्या गिरकीत सुरुवात सोपी आणि शेवट अवघड. मान आधीच उताराकडे, त्यामुळे निघताना सगळं दिसतं. पण शेवटच्या ९० मध्ये जमीन डोळ्यांआड जाते आणि तू पाठ करून उतरतेस. त्याच दिशेच्या गिरकीत सुरुवात आंधळी आणि शेवट उघड्या डोळ्यांचा. पडायचं तर बहुतेक जण उतरतानाच पडतात, म्हणून मी आधी शेवट दिसणारी शिकवते. शिवाय उलट दिशेला अंगातला पीळ आयता मिळत नाही, खांदे आधी बंद करून तो भरावा लागतो. आणि तिथे रेलकडे स्कीची मागची टोकं येतात. ती अडकली तर माणूस पाठीवर जातो.

चांदणचुरा

मी शिकणारी नाही, बघणारी आहे. पण हा धागा वाचून जुन्या स्पर्धा पुन्हा बघितल्या आणि पहिल्यांदा कळलं की आपण काय बघत होतो.

स्लोपस्टाइल ही स्कीची स्पर्धा २०१४ च्या सोची ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा आली. वर रेलचा भाग, खाली जंप. टीव्हीवर सगळे जंपवरच बोलतात. पण २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकमधली पुरुषांची फेरी रेलच्या भागासाठी बघा. ॲलेक्स हॉलला सुवर्ण, निक गेप्परला रौप्य आणि येस्पर शेडरला कांस्य. तिघेही रेलवर विलक्षण. हॉलनं तर जंपवरही तेच केलं जे इथे तुम्ही प्रेटझल म्हणताय: एका बाजूला १०८० पर्यंत फिरत नेऊन हवेतच गिरकी थांबवली आणि ९०० वर परत आणली. सावकाश करून बघितलं तर त्याची मान धडाच्या किती आधी निघते ते स्पष्ट दिसतं.

हे सगळं दोन्ही टोकांनी वर वळलेल्या स्कीमुळे शक्य झालं ना? १९९० च्या दशकाच्या शेवटी त्या बाजारात आल्या आणि त्यानंतर स्विच उतरणं रुळलं, असं वाचलं होतं.

संथ_पाणी

हो. १९९८ मध्ये आलेली सॅलोमनची टेन-एटी ही त्यातली सगळ्यात गाजलेली. त्याआधीच्या स्कीचं मागचं टोक सपाट असायचं, उलटं उतरलं की ते बर्फात घुसायचं.

सावळी

एक वेगळं बोलते. माझ्या गुडघ्याचा पुढचा लिगामेंट रेलवरून उतरतानाच गेला. निळा_उतार लिहितायत अगदी तसंच झालं होतं. गिरकी अर्धवट, स्की आडवी, एज रुतली. पाय जागच्या जागी थांबला आणि वरचं सगळं अंग फिरत राहिलं. फिरणारा खांब खाली अडकला की जिथे सांधा असेल तिथे पिळतो, आणि तिथे गुडघा होता. शस्त्रक्रिया झाली. पुन्हा स्कीवर उभी राहीपर्यंत जवळजवळ वर्ष गेलं.

त्या दिवशी तो माझा विसावा-बाविसावा प्रयत्न असेल. आधीच्या पाचात मी जवळ आले होते, मग दर खेपेला लांब जात गेले, आणि तरी थांबले नाही. पाय थकले की उसळी आधी जाते, आणि उसळी गेली की काय होतं ते वर आकड्यांत आलंच आहे.

आता मी सहा-सात प्रयत्न करते आणि लागोपाठ दोनदा आदल्यापेक्षा वाईट झालं तर रेल सोडते. हेल्मेट सगळेच घालतात. पाठीचा आणि कमरेचा पॅडही घाला. काठ्या सरावापुरत्या बाजूला ठेवा, पडताना मुठीत काठी असली की अंगठा मुरगळतो. आणि गिरकी अर्धवट राहणार हे हवेतच कळलं तर २७० चा हट्ट सोडा. अंग गोळा करून कुशीवर पडा. एजवर उभं राहून वाचायला जाऊ नका.

निळा_उतार

सावळीताई, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. माझी आकडेमोड करायची पद्धतच बदलली. आजवर किती प्रयत्न केले ते मोजत होतो, कुठे थांबायचं हे कधी ठरवलंच नव्हतं.

व्हिडिओ बघितला. गिरकीताई, तुम्ही न बघता सांगितलंत आणि अगदी तसंच निघालं. दोन्ही पाय रेलवरून सुटलेत, अंग फिरायला लागलंय, आणि मान अजून उजवीकडे, रेलच्या शेवटाकडे. पाच व्हिडिओ, पाचांतही तेच. डावा खांदाही पडतो. उंच रेल बंद केली आहे. दोन आठवडे फक्त बुटका बॉक्स. पुढच्या वेळी लिहितो.

कोवळंऊन

ज्यांना बर्फ वर्षातून मोजकेच दिवस मिळतो त्यांच्यासाठी: घरी जमिनीवर हे करता येतं. बुटकी, न हलणारी पायरी घ्या, तिच्यावर आडवे उभे राहा, मान उताराच्या बाजूच्या खांद्यावर. मग नजर सोडा, उडी, २७०, आणि दोन्ही पाय एकदम टेकवून तिथेच थांबा. पावलं समोर न येता तिरकी आली तर मान कुठे होती ते आठवा. मी दिवसाला दहाच करतो, दोन्ही दिशांनी. स्कीचं वजन आणि लांबी नसल्यामुळे गिरकी सोपी जाते हे खरं, पण मानेचा क्रम तोच राहतो.

अर्धवर्तुळ

कोवळंऊन, चांगला सराव. त्यात एक भर: उतरायच्या वेळी हात बाजूला उघडा. अंगाजवळचे हात बाहेर नेले की फिरण्याचा वेग उतरतो. बर्फावर ज्यांची गिरकी २७० च्या पुढे ३०० पर्यंत वाहते त्यांना हाच ब्रेक आहे. हवेत गेल्यावर नवा जोर कुठूनच मिळत नाही. जो रेलवर कमावला तोच पुरवून वापरायचा, हात मिटून जोरात किंवा उघडून सावकाश.

निळा_उतार

दोन आठवड्यांचा हिशेब.

पहिले तीन दिवस फक्त मितवांचा सराव. हवेत ९०, बर्फावर १८०. पहिल्या दिवशी मी स्विच उतरून तसाच पुढे गेलो, मान डाव्या खांद्यावर जायचं नावच घेईना. दुसऱ्या दिवशी दुपारी एकदा नजर वेळेवर सुटली आणि फिरणं इतकं अलगद झालं की मला वाटलं मी काही केलंच नाही. तिथून कळायला लागलं.

मग दोन दिवस नुसती उसळी. बुटाची खूण फार उपयोगी पडली. सुरुवातीला दर खेपेला पोटऱ्या मागे टेकत होत्या. पुढचा पाय शेवटाला पोचायची वाट बघायला शिकलो तेव्हा नडग्या पुढे आल्या. त्याआधी मी नेहमी घाईनं आधीच उडत होतो.

आठव्या दिवशी बुटक्या बॉक्सवर दोन्ही एकत्र केलं. सहा प्रयत्न, दोन बसले. दहाव्या दिवशी सातात पाच. काल जुन्या रेलवर गेलो. पहिल्या प्रयत्नात भीतीनं मान पुन्हा अडली, कुशीवर पडलो, सावळीताईंनी सांगितलं तसंच. दुसऱ्यात लिफ्ट दिसली, तिच्यावरून नजर सरकली, मग बर्फाचा एक चकाकणारा पट्टा दिसला आणि त्याच्यावरच उतरलो. दोन्ही पाय एकदम. पाचात तीन बसल्या. सहावी करायची फार इच्छा होती. पाय जड वाटले म्हणून केली नाही.

एक नवीन अडचण. आता कधी कधी उतरताना डावी स्की किंचित आधी टेकते. पडत नाही, पण खडखडते.

गिरकी

वाचून फार आनंद झाला. डावी आधी टेकते म्हणजे खांदा अजून थोडा पडतोय. दोन्ही हात एका पातळीत आहेत का ते व्हिडिओत, पाय टेकायच्या आधीच्या चौकटीत बघ. डावा हात खाली असेल तर पुढच्या वेळी तो मुद्दाम उजव्यापेक्षा वर धरल्यासारखा ठेव. तुला तो वर वाटेल, प्रत्यक्षात समपातळीत येईल.

पाऊलखुणा

माझाही अहवाल: बुटका बॉक्स, चौथा दिवस, नजर सुटायला लागली आहे. उद्या उसळी.